आधी बाग, मग प्याला

वाईनच्या प्रदेशात जायचा बेत साताऱ्यात कुणालाही सांगा, समोरचा माणूस लगेच नाशिकचं नाव घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. राजीव सामंत यांनी १९९७ साली नाशिकजवळ वाईनच्या द्राक्षांची लागण केली, २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पाहुण्याला बागेत हिंडवायची, कारखाना दाखवायची आणि चार घोट चाखवायची एक रीतच नाशिकनं बसवली. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, नारायणगावात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाईन केली आणि ती थेट परदेशात पाठवली. महाराष्ट्रात वाईन पाहायला निघणाऱ्यानं या दोन गावांचा मान राखलाच पाहिजे.

तरी माझ्या पहिल्या प्रवासाचा बेत मी नाशिकपासून सुरू करणार नाही. नकाशा उघडला की माझं बोट आपसूक खाली आणि उजवीकडे सरकतं, कऱ्हाड, पलूस, तासगाव, कवठेमहांकाळ असं. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. लहानपणी सुट्टीतले उन्हाळे द्राक्षाच्या मांडवाखाली गेले, आणि तरी वाईन कशी होते हे मी कधी पाहिलेलं नाही. इतकं द्राक्ष पिकवणाऱ्या मुलखात वाईन का रुजली नाही, हा प्रश्न मनात धरूनच जिथं ती रुजली तिथं जावं, असं मी ठरवलं आहे. आधी बाग बघायची, बागाईतदाराचा हिशोब समजून घ्यायचा, मग प्याला हातात घ्यायचा.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मला कधी परके वाटले नाहीत, कारण ते मुळात एकच होते. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. माहेरच्या ट्रंकेत आजोबांच्या जमिनीचे जुने कागद आहेत, त्यांवर जिल्हा म्हणून 'दक्षिण सातारा' लिहिलेलं आहे. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा वडील म्हणाले होते, की पोरगी जिल्ह्याबाहेर गेली असं काही मी मानत नाही.

या मुलखाचा स्वभाव पावसावरून कळतो. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावात तो पाचशेच्याही आत असतो. सह्याद्री ढग अडवून ठेवतो आणि त्याच्या पाठीमागचा सगळा पट्टा, माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्वभाग, पर्जन्यछायेत कोरडा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या या कोरडेपणानं माणसांना गाव सोडायला लावलं. द्राक्षाला मात्र हीच हवा मानवते. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाउनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतो. मण्यात पाणी उतरल्यावर पाऊस लागला तर मणी तडकतो. वेलीला मुळाशी मोजकं पाणी हवं आणि डोक्यावर स्वच्छ आभाळ. मुळाशी द्यायचं ते पाणी मिळवण्यासाठी या भागानं किती सोसलं ते मी पाहिलं आहे. दुष्काळात लोकांनी टँकरनं पाणी विकत आणून बागा जगवल्या. आता ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी माळावर चढवलं आहे. टेंभू हे कऱ्हाडजवळचं गाव, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं आटपाडी-सांगोल्यापर्यंत जातं. प्रवासाची पहिली नोंद म्हणूनच मी वहीत टेंभू अशी केली आहे. वाईनच्या प्रदेशाकडे निघताना त्याचं पाणी कुठून येतं हे आधी बघून घ्यावं.

कधी जायचं, हे माझ्या धाकट्या भावानं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येऊ, असं माझ्या मनात होतं. फोनवर तो म्हणाला, "आक्का, दिवाळीत नको येऊ. छाटणी झालेली असती, बागंत बघायला काय असतंय? कोवळी फूट. अन् त्यात पाऊस लागला तर मी दिवसरात्र औषधाच्या मागं. तुझ्याशी बोलायला बी मोकळा नसतोय. जानेवारी उलटू दे, मग निवांत ये."

हे वेळापत्रक युरोपातल्या बागांचं नाही. तिथं थंडीत वेल झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड होते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर वाढत राहील. म्हणून आपले बागाईतदार तिची दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तोड संपली की ओलांड्यावरच्या जुन्या काड्या खरडून काढायच्या आणि भर उन्हात नवी काडी तयार होऊ द्यायची. पुढच्या वर्षीचा घड याच काळात काडीच्या डोळ्यात तयार होत असतो, बाहेरून दिसत नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. काडी ठरावीक डोळ्यांवर मारायची, डोळे सारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची आणि आभाळाकडे बघत बसायचं. त्या छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी घड तोडायला येतो. वाईनच्या जातींचंही असंच. जानेवारी ते मार्च हा तोडीचा आणि गाळपाचा काळ. म्हणजे वाईन होताना पाहायची असेल तर फेब्रुवारी गाठायला हवा. ऐन पावसाळ्यात वाईनच्या बागेत गेलेल्या माणसाला हिरवा पाला तेवढा दिसेल.

भावाकडे बागेत फिरताना त्याच्या खिशात वीतभर लांबीची एक नळी असते. रिफ्रॅक्टोमीटर. घडाच्या वरचा एक, मधला एक आणि टोकाचा एक असे मणी तो तोडतो, बोटांत चिरडतो, रसाचे दोन थेंब नळीच्या काचेवर टाकतो, झाकण लावतो आणि नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो. आत गोल पडद्यावर वर निळा आणि खाली पांढरा रंग दिसतो. त्यांची सीमा ज्या आकड्यावर, तेवढी रसातली गोडी, म्हणजे ब्रिक्स. माझ्या हातात नळी देऊन तो विचारतो, "किती दिसतंय?" मी आकडा सांगते आणि तो मान हलवतो, की अजून चार दिवस थांबू. सोळा-अठराच्या पुढे खायच्या द्राक्षाची तोड करता येते. बेदाण्याला आणि वाईनला त्याहून जास्त गोडी हवी, वीस-बावीस किंवा त्याच्याही वर. फ्रान्समधला किंवा इटलीतला वाईन करणारा तोडीच्या दिवसांत हीच नळी घेऊन हिंडतो. तासगावचा शेतकरी आणि तस्कनीचा शेतकरी समोरासमोर आले तर एका आकड्यावरून त्यांचं बोलणं सुरू होऊ शकेल, याचा मला फार आनंद वाटतो.

आमच्या भागानं द्राक्षाच्या विद्येत स्वतःची भर घातली आहे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या वेलींमधून निवड करून तास-ए-गणेश ही जात दिली, आणि ती महाराष्ट्रभर गेली. युरोपात एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिथं अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलमं करायला सुरुवात झाली. आपल्याकडे तसेच अमेरिकन खुंट वेगळ्या कारणानं आले. पाणी कमी, काही जमिनी क्षारपड, म्हणून डॉगरिज हा खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरायचं. हे काम करणाऱ्या माणसांना अडाणी म्हणण्याची कुणाची छाती होऊ नये. औषधांची नावं, त्यांच्या मात्रा, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, हे सारं त्यांच्या तोंडी असतं.

आणि तरी या द्राक्षाचा मोठा वाटा वाईनकडे जात नाही, तो बेदाण्याकडे जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागज फाट्यावरून जुनोनीच्या बाजूला निघालात तर दोन्ही हातांना बेदाण्याची शेड दिसतील. जागा वाऱ्याची, हवा कोरडी, म्हणून दूरदूरचे बागाईतदार माल घेऊन इथं येतात. वर पत्रा किंवा प्लॅस्टिक, बाजूंना हिरवं शेडनेट, आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक कप्पे. क्रेटमधले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढतात. त्यानं मण्यावरचा मेणासारखा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग घड जाळीवर पसरायचे. पहिल्या दिवशी मणी टपोरे, ओले, चकाकते. चार-पाच दिवसांत त्यांना सुरकुत्या पडतात. दोनेक आठवड्यांनी जाळी हलवली की वाळलेला बेदाणा खाली झडतो, आणि शेडमध्ये गूळ, माती आणि किंचित गंधक यांचा मिळून एक वास भरतो. मग बायका ओळीनं बसतात आणि काडी, काळा दाणा, कच्चा दाणा वेचून काढतात. त्यांचे हात इतके भराभर चालतात की नजर ठरत नाही. तो माल तासगाव-सांगलीच्या सौद्यांत जातो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्यात या हातांचा वाटा मोठा आहे.

चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. तेवढ्याच वजनाच्या वाईनच्या द्राक्षांतून तीनेक बाटल्या निघतात. नुसता हा हिशोब मांडला तर कुणीही म्हणेल, की मग वाईनच करा. सरकारनंही तसंच म्हटलं होतं. २००१ साली महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि दोन वाईन पार्क ठरवले. एक गोदावरीच्या खोऱ्यात विंचूरला आणि दुसरा कृष्णेच्या खोऱ्यात पलूसला. पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचं. माळावर कारखाना उभा राहू शकतो, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या परिसराला १९१० सालीच दाखवलं होतं. त्यामुळे पलूसला वाईन पार्क येणार म्हटल्यावर आमच्याकडे किती उमेद होती ते मला आठवतं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकासुद्धा कॅबर्ने आणि शिराझ ही वाईनच्या द्राक्षांची नावं घेऊ लागल्या होत्या.

विंचूर वाढलं. पलूस तसं वाढलं नाही. २००८-०९च्या सुमारास जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांत वाईन पडून राहिली आणि कारखान्यांनी द्राक्ष उचलायचं थांबवलं. माझ्या एका आतेभावानं करारावर वाईनची बाग लावली होती. दोन वर्षं माल गेला, तिसऱ्या वर्षी गाडी आली नाही. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बी. त्याच्या गोडीला आणि सालीच्या रंगाला वाईनमध्ये मोल, पण ते टोपलीत घालून बाजारात नेलं तर गिऱ्हाईक हात लावत नाही. बी असल्यानं त्याचा बेदाणाही चालत नाही. म्हणजे ज्याच्याशी करार, त्यानं पाठ फिरवली की दुसरं दारच नाही. आतेभावानं पुढच्या हंगामात वेली वरून कापल्या आणि त्याच खुंटांवर थॉम्सनचं कलम भरलं. आजही बाग उभी आहे, खुंट वाईनसाठी आणलेले आणि घड बेदाण्याचे.

त्या बागेत उभं राहिलं की इथं वाईन का रुजली नाही ते कळतं, आणि मला या लेखात जे सांगायचं आहे तेही हेच आहे. थॉम्सनच्या शेतकऱ्याला तीन वाटा असतात. भाव बरा असेल तर खायचं द्राक्ष विकायचं, व्यापाऱ्यानं अडवलं तर बेदाणा करायचा, बेदाण्याचा भाव पडला तर तो शीतगृहात ठेवून थांबायचं. थांबता येणं ही शेतकऱ्याच्या हातातली सर्वांत मोठी ताकद आहे, आणि बेदाण्यानं ती आमच्या भागाला दिली. वाईनच्या द्राक्षानं ती काढून घेतली आणि बदल्यात भक्कम हमी दिली नाही. म्हणून वाईनच्या कुठल्याही प्रदेशात गेल्यावर माझा पहिला प्रश्न चवीचा नसेल. या द्राक्षाचा दर कोण ठरवतं, तो किती वर्षांसाठी ठरतो, आणि कारखान्यानं माल उचलला नाही तर शेतकऱ्याचं काय होतं, हे मी विचारणार आहे. ज्या प्रदेशात या प्रश्नांना सरळ उत्तर मिळतं, तिथली वाईन टिकेल अशी माझी धारणा आहे.

हे प्रश्न घेऊन मी अकलूजला जाणार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात मोटेवाडी आणि निमगावच्या परिसरात फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागा आहेत. इटलीतले सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हे काम उभं केलं, आणि तस्कनीचे पिएरो मासी वाईन करायला आले. तस्कनीची सांजोव्हेसे ही जात त्यांनी माळशिरसच्या मातीत लावली. हा मुलूख आमच्यासारखाच, कमी पावसाचा, उन्हाळ्यात भाजून काढणारा. तिथं जे जमलं ते पलूसला का जमलं नाही, हे बागेत उभं राहून विचारायचं आहे. उत्तर कदाचित भांडवलात असेल, कदाचित मातीत असेल, पण बाग आणि कारखाना एकाच हातात असण्याचा त्यात मोठा भाग असणार असं मला वाटतं. बाग ज्याची त्याचाच कारखाना असेल, तर तोडीची गाडी न येण्याचा प्रश्नच उरत नाही.

गाळपाच्या दिवसांत तिथं काय बघायचं याचीही मी तयारी केली आहे. रंग असतो तो मण्याच्या सालीत. गर बहुतेक जातींत पांढराच. पांढरी वाईन करताना द्राक्ष आधी दाबून रस वेगळा करतात आणि मग आंबवतात. तांबडी वाईन साल आणि बी रसात राहू देऊनच आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि जिभेवर ती किंचित तुरट ओढते. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. टाकी तापू लागते, म्हणून तिला बाहेरून थंड ठेवावं लागतं. आमच्या शेडमध्ये ऊन आणि वारा मण्यातलं पाणी काढून घेतात आणि साखर राखतात. तिथल्या टाकीत पाणी राहतं आणि साखर जाते. मण्याचे हे दोन शेवट लागोपाठच्या दिवशी पाहायला मिळणार, याची मला सगळ्यांत जास्त उत्सुकता आहे.

वाटेत कऱ्हाडला आगाशिवच्या डोंगरातली लेणी आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. ती खोदली जात होती त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत रोमन जहाजं येत होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तीत वाईन आहे आणि इटलीच्या वाईनला जास्त पसंती असल्याचंही नोंदवलेलं आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती मिळाली, ती याच व्यापाराची खूण. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची वाईन जहाजात बसून दख्खनकडे येत होती. आता इटलीची वेल आणि वाईन करणारा माणूस दख्खनमध्ये आला. बाहेरून आलेली हौस म्हणून वाईनकडे पाहणाऱ्यांनी हा जुना व्यवहारही ध्यानात घ्यावा.

हे सगळं खरं असलं तरी घरात बोलल्याशिवाय हा प्रवास होणार नव्हता. माझ्या सासूबाईंचं माहेर जावळीतलं. जावळी तालुक्यात बायकांनी गावोगाव मतदान करून, दारूबंदीची खूण असलेल्या आडव्या बाटलीवर शिक्के मारून दारूची दुकानं बंद पाडली. सासूबाईंच्या भावजया त्या रांगांत उभ्या होत्या. याच साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. दारूनं मोडलेली घरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आमच्या गल्लीतही आणि माहेरच्या भावकीतही. त्यामुळे वाईन म्हणजे दारू नव्हेच, असं म्हणून मी विषय झटकणार नाही. तीत अल्कोहोल आहे आणि ते शरीरात तेच काम करतं. २७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजाऱ्यांसह पुष्कळांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. शेतकऱ्याच्या भल्यासाठी हे आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. शेतकऱ्याचं भलं त्याच्या कराराच्या कागदावर ठरतं, किराण्याच्या फळीवर ठरत नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

सासूबाईंना मी बेत सांगितला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बघायला जायला मी कशाला नको म्हणू? पण तिथं बायका कामाला असतील ना, त्यांना हजेरी किती पडते ते विचारून ये. आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांनी काय आरंभलंय तेही." माझ्या वहीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो माझा नाही, सासूबाईंचा आहे. मी एक घोट चाखणार आहे, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी नापसंती दाखवली, पण लपवून काही करायचं नाही, एवढं आमचं ठरलं. माझ्याबरोबर येणारा माझा पुतण्या गाडी चालवणार आहे. तो थेंबही घेणार नाही, हे त्यानंच आधी सांगितलं. वाईन पिण्याचं कायदेशीर वय आपल्याकडे २१ आहे, आणि महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना लागतो. हे नियम पाळून जायचं.

तर बेत असा आहे. साताऱ्याहून सकाळी निघायचं, कऱ्हाडला आगाशिव पाहून टेंभूचं पाणी कुठून उचललं जातं ते बघायचं. तिथून पलूस. वाईन पार्कची जागा पाहायची, आतेभावाच्या बागेत जायचं, त्याचं ऐकायचं. मग तासगाव. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपुर लहानपणापासून पाहत आले, तरी दर्शनाशिवाय पुढे जायचं नाही. मुक्काम भावाकडे. दुसऱ्या दिवशी बेदाण्याचा सौदा, मग नागज-जुनोनीची शेड. तिथून सांगोला, महूदवरून अकलूजच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी बाग, गाळप, चव. परत येताना नातेपुते, डाव्या हाताला शंभू महादेवाच्या डोंगररांगा, फलटण आणि सातारा. नकाशावर ही रेघ ओढली तेव्हा लक्षात आलं, की ही सगळी फेरी माणदेशाला वळसा घालते. दुष्काळाचा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या मुलखाच्या कडेकडेनं द्राक्षं पिकतात, आणि त्यातली काही आता वाईन होतात.

तारीख पक्की केलेली नाही. भावाची नळी बाविसाचा आकडा दाखवेल त्या आठवड्यात निघायचं, असं ठरलं आहे. मुक्कामाची सोय अकलूजला आधी विचारून ठेवावी लागेल, कारण कारखान्यात गाळपाच्या दिवसांत पाहुण्यांना वेळ देणं सोपं नसतं. आपण त्यांच्या कामाच्या आड यायचं नाही. निवडायला बसलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मांडवाखाली काडीला धक्का लागणार नाही असं वाकून चालायचं.

पुढच्या वर्षी नाशिकला जायचंच आहे, आणि जमलं तर कधीतरी तस्कनीलाही. पण तिथं गेल्यावर बागेकडे कोणत्या नजरेनं पाहायचं, ते मला आधी माझ्या माहेरच्या माळावर शिकायचं आहे. चांगली वाईन कोणती हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ती पिकवणाऱ्याच्या घरात त्या वर्षी काय शिल्लक राहिलं, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मी विचारणार आहे. सातारा-सांगलीतून वाईनच्या गावाला निघणाऱ्या प्रत्येकानं विचारावं, आणि मिळालेलं उत्तर पलूसच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवावं. पुन्हा वाईनचं कलम भरायचं की नाही, हे ठरवताना त्याला या उत्तराचा उपयोग होईल.